हृदयाची ऊर्जा आणि कॅल्शियम

प्रश्न : कॅल्शियममुळे हृदयाच्या स्नायूला ऊर्जा मिळते, असे वाचनात आले. मग कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्याने हृदयाला अधिक बळ मिळेल का?

उत्तर : कॅल्शियम हे इंधन नव्हे. हृदय मुख्यतः मेदाम्ले (चरबीचे घटक) आणि त्याखालोखाल ग्लुकोज व लॅक्टेट (ग्लुकोजच्या विघटनातून बनणारे द्रव्य) जाळते. त्यातून मायटोकॉन्ड्रियांमध्ये, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमध्ये, एटीपी हे ऊर्जा पुरवणारे रसायन तयार होते आणि तेच खर्ची पडते. कॅल्शियमचे काम हुकूम देण्याचे आहे, आणि विशेष म्हणजे खर्चाचा व कमाईचा असे दोन्ही हुकूम तेच देते.

ठोक्याचा विद्युतसंदेश येताच थोडे कॅल्शियम बाहेरून पेशीत शिरते आणि पेशीतल्या साठ्यातून त्याच्या कितीतरी पट कॅल्शियम मोकळे करते. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटले की स्नायूतंतू एकमेकांवर सरकून आकुंचन घडते. पुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही : हे कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून नेण्यासाठी त्याच्या दर दोन आयनांमागे (विद्युतभारित कणांमागे) एटीपीचा एक रेणू लागतो, म्हणजे हृदय सैल पडतानाही ऊर्जा खर्च होतच असते. म्हणूनच रक्तपुरवठा अपुरा पडला की आकुंचनाच्या आधी बहुधा शिथिल होण्याची क्रियाच बिघडते.

पेशीतले एटीपी जेमतेम काही सेकंद पुरेल एवढेच असते, त्यामुळे खर्च वाढताच उत्पादनही वाढणे भाग असते. वाढलेल्या कॅल्शियमचा काही अंश मायटोकॉन्ड्रियांमध्ये शिरून पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम (रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन) आणि क्रेब्ज चक्रातील, म्हणजे इंधनातून ऊर्जा काढणाऱ्या क्रियामालिकेतील, दोन एन्झाइमे यांना वेग देतो; हाच कमाईचा हुकूम. मात्र तेथे कॅल्शियम अतोनात साचले, तर मायटोकॉन्ड्रियाच निकामी होतात.

कॅल्शियमवाचून हृदय चालत नाही, हे ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांनी 1883 मध्ये दाखवून दिले : नळाच्या पाण्यातील द्रावणात धडधडणारे बेडकाचे हृदय ऊर्ध्वपातित (वाफ थंड करून शुद्ध केलेल्या) पाण्यातील द्रावणात थांबले, कारण नळाच्या पाण्यात कॅल्शियम होते. पण यावरून गोळ्यांचा निष्कर्ष निघत नाही. रक्तातील कॅल्शियम साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर एवढेच राखण्याचे काम गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी, हाडे आणि मूत्रपिंडे करतात. विश्रांत पेशीत तर ते बाहेरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढेच असते. रक्तातील पातळी खरोखरच फार घसरली तर हृदय दुबळे होते व ती भरून काढल्यावर पुष्कळदा सुधारते, पण ते रक्ततपासणीवरून डॉक्टरांनी ठरवायचे असते.