नवी क्रँक घेण्यापूर्वी बेअरिंगचा विचार करा

आपण पावसाळ्यातही नाशिकहून त्र्यंबकेश्वर रस्त्याने सायकल चालवणार असाल, तर क्रँकच्या (पेडल जोडलेल्या दांड्यांच्या) वजनापेक्षा बॉटम ब्रॅकेटच्या (फ्रेममध्ये क्रँकचा आस धरणाऱ्या भागाच्या) बेअरिंगमध्ये चिखलपाणी किती शिरेल, याला अधिक महत्त्व द्यावे. चौकोनी टोकाच्या आसाचे सीलबंद कार्ट्रिज (आस आणि बेअरिंग एकत्र असलेला बंद संच) फ्रेमच्या आत राहते, म्हणून ते जड असले तरी सहसा दीर्घकाळ टिकते. शिमानो कंपनीच्या हॉलोटेक २ या क्रँकप्रकारात २४ मिमी व्यासाचा पोकळ आस असल्याने क्रँक अधिक ताठ वाटते, मात्र तिची बेअरिंग फ्रेमबाहेर असल्यामुळे चिखलाच्या माऱ्यात आधी सापडतात. सुरुवातीला माझी पसंती पहिल्या प्रकारालाच. प्रेसफिटच्या (आट्यांशिवाय फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या बॉटम ब्रॅकेटच्या) वाटेला तूर्त जाऊ नये.

नवशिके हमखास प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट बेअरिंगवर मारतात. त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे चौकोनी क्रँकचा बोल्ट सैल झाल्याचे कळूनही तशीच सायकल दामटणे; ॲल्युमिनियमचे चौकोनी भोक एकदा गोलसर झाले, की कितीही आवळले तरी ती क्रँक पुन्हा घट्ट बसत नाही.

केवळ कटकट ऐकून बॉटम ब्रॅकेट बदलू नका. आधी पेडल तपासा, मग चेन उतरवून क्रँक हाताने फिरवा. खरखर जाणवली, किंवा आडवी हलवताना दोन्ही बाजू एकत्र हलल्या, तर दोष बेअरिंगचा, आणि एकच बाजू हलली तर बहुधा सैल बोल्टचा.