वाचकांचे प्रश्न: पांढऱ्या पेशींची वाट अडवणारी औषधं

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, स्टेरॉइड कमी केले की परत रक्त पडायला लागतं. आता वेडोलिझुमॅब सुरू केलंय, दोन डोस झालेत. तिचे डॉक्टर म्हणाले की हे इम्युनिटी दाबत नाही, पेशींना फक्त आतड्यात जाऊ देत नाही. म्हणजे नक्की काय? आणि अजून काहीच फरक नाही, मग औषध लागू पडत नाहीये का?

उत्तर: दुसरं आधी घेतो, कारण खरी काळजी तीच दिसतेय. दोन डोसांवरून काही ठरवू नका. हे औषध सुरुवातीला, मग 2 आणि 6 आठवड्यांनी आणि पुढे दर 8 आठवड्यांनी देतात, आणि फायदा होतोय का ते साधारण 14 व्या आठवड्याला बघतात. उशीर लागतो कारण ते नवीन येणाऱ्या पेशींना अडवतं, आतड्यात आधीच ठाण मांडून बसलेल्यांना हुसकावत नाही, त्या हळूहळू कमी होईपर्यंत धीर धरावा लागतो. तोवर स्टेरॉइड परस्पर बंद करू नका, प्लीज.

आता पेशी अडते कशी. पांढरी पेशी रक्तवाहिनीतून थेट बाहेर पडत नाही. आधी ती आतल्या भिंतीला हलकेच चिकटत, सुटत, गडगडत जाते, मग भिंतीवर केमोकाइन नावाच्या प्रोटीनचा सिग्नल मिळाला की तिच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रोटीन्स ताठ होतात, ती घट्ट चिकटते, चपटी होते आणि बहुतेक वेळा भिंतीच्या दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाते. आतड्याकडे जाणाऱ्या बऱ्याच लिम्फोसाइट्सवर (हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) अल्फा-4-बीटा-7 हे इंटिग्रिन असतं आणि ते आतड्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरच्या मॅडकॅम-1 या प्रोटीनला पकडतं. वेडोलिझुमॅब त्या इंटिग्रिनवर जाऊन बसतं, मग पकड बसत नाही आणि पेशी रक्ताबरोबर तशीच पुढे वाहत जाते.

एवढं नेमकं कशाला, तर त्याआधीचं नॅटॅलिझुमॅब बघा. ते नुसता अल्फा-4 हा भाग धरतं, आणि तो भाग मेंदूकडे जाणाऱ्या पेशींच्या अल्फा-4-बीटा-1 मध्येही असतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) त्याचा फायदा जबरदस्त, नोव्हेंबर 2004 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण फेब्रुवारी 2005 मध्ये विक्री थांबवावी लागली, कारण काही पेशंटना पीएमएल हा मेंदूचा गंभीर आजार झाला. तो जेसी व्हायरसमुळे होतो, जो निम्म्याहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात गुपचूप पडून असतो आणि पेशींचा पहारा उठला की डोकं वर काढतो. 2006 मध्ये औषध परत आलं पण कडक अटींवर, आता त्या व्हायरसच्या अँटिबॉडीची टेस्ट करून धोका किती ते बघतात.

म्हणून ‘इम्युनिटी दाबत नाही’ हे मी जरा सावधपणेच म्हणेन. आतड्यापुरती ती दबतेच की, त्यामुळे ताप आला, इन्फेक्शन वाटलं तर लगेच कळवा.

प्रश्न: मी एमएससाठी फिंगोलिमॉड घेते. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट्स फारच कमी आल्यात. औषधाने मेल्या का?

उत्तर: नाही हो, बहुतेक जिवंत आहेत, फक्त रक्तात नाहीत. लिम्फ नोडमधून (या पेशी जिथे जमतात त्या छोट्या गाठी) बाहेर पडायला लिम्फोसाइटला एस1पी या रेणूचा सिग्नल लागतो, तो रक्तात जास्त असतो आणि नोडच्या आत कमी. औषधामुळे पेशीवरचा त्याचा रिसेप्टर, म्हणजे तो सिग्नल पकडणारं प्रोटीन, आतच ओढला जातो आणि ती नोडमध्येच अडकून पडते. रक्तातला काउंट आधीच्या 20 ते 30 टक्क्यांवर येणं यात अपेक्षितच आहे आणि औषध थांबवलं तर तो साधारण एक-दोन महिन्यांत परत येतो, पण स्वतःहून थांबवू नका, काहींचा आजार मग जोरात उसळतो. काउंट किती खाली चालेल ते तुमचे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील. पहिल्या डोसनंतर तुम्हाला 6 तास बसवून ठेवलं असेल ना, तेही याचमुळे, हृदयावरही हे रिसेप्टर असतात आणि ठोके मंदावू शकतात.

प्रश्न: पेशींना बोलावणारा केमोकाइनच ब्लॉक करून संधिवात का थांबवत नाहीत?

उत्तर: करून बघितलंय, बऱ्याचदा, पण निराशाच जास्त. माणसात जवळपास 50 केमोकाइन आणि 20 च्या आसपास रिसेप्टर, एकच केमोकाइन अनेक रिसेप्टरना लागतो आणि एका रिसेप्टरला अनेक केमोकाइन चालतात, त्यामुळे एक रस्ता बंद केला की पेशी दुसऱ्याने येतात. जिथे एकाच रिसेप्टरवर सगळं अडलेलं असतं तिथे मात्र जमलं. 2007 चं मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर5 हा रिसेप्टर ब्लॉक करतं, एचआयव्हीचे बरेच प्रकार पेशीत शिरायला तोच रिसेप्टर वापरतात. प्लेरिक्साफॉर या औषधाची गंमत वेगळीच, तेही एचआयव्हीसाठीच तपासत होते, तर औषध दिलेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या. ते सीएक्ससीआर4 ब्लॉक करतं आणि त्याच रिसेप्टरमुळे स्टेम सेल्स बोन मॅरोत धरून ठेवल्या जातात, म्हणून 2008 पासून ट्रान्सप्लांटआधी त्या रक्तात आणून गोळा करायला ते वापरतात.