पहिल्या दिवशी फक्त केळं आणि आंबा

ताई, मुलांना हाताशी घेऊन साखर न घालता फळांचे गोठवलेले पदार्थ करायचं तुम्ही विचारलंत. मुलं पाच आणि सात वर्षांची म्हणजे योग्य वय आहे, बिनधास्त सुरू करा. मात्र पहिल्याच दिवशी पाच पदार्थ मांडू नका. बहुतेकजण इथेच चुकतात: मुलं कंटाळतात आणि ओटा आवरता आवरता आपण दमतो.

सुरुवात केळ्यापासून करा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रसबाळी केळी आणा. सालीवर काळे ठिपके पडेपर्यंत थांबा. अर्ध्या केळ्यात काडी खोचा, घट्ट दह्यात बुडवा, काजूच्या बारीक चुऱ्यात घोळवा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. बुडवणं आणि घोळवणं पूर्णपणे मुलांचं काम, तिथे हात घालू नका. वाकडंतिकडं झालं तरी स्वतः केलेलं ती चाटूनपुसून खातात, हे मी माझ्या घरी कितीदा पाहिलंय!

एप्रिल-मे असेल तर मानकुराद आंब्याचा रस साच्यात ओता, बस्स. गोठल्यावर गोडी कमी लागते, म्हणून फळ पूर्ण पिकलेलंच हवं. अर्धवट पिकलेलं घेतलं की मग साखर घालावी लागते आणि सगळा हेतूच जातो.

एवढं सांभाळा:
- द्राक्षं अख्खी देऊ नका. उभे चार तुकडे करा, घशात अडकण्याची भीती असते.
- धारदार सुरी तुमच्याच हातात. केळं मुलांना बोथट सुरीने कापू द्या.
- अननस दुधात घालून ठेवू नका, कडवट होतं.

भिरंडाचं (कोकमाचं) सरबत गोठवणं वगैरे पुढच्या महिन्यात बघू. या रविवारी केळी करून बघा आणि कशी झाली ते नक्की कळवा.