दावा कुठं लावायचा ते आधी, वकील नंतर

वाचकांचे कायदेविषयक प्रश्न आणि नागपूर जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेची उत्तरं

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत माझं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे. पुण्याच्या एका कंपनीला खोकी पुरवली, त्याचे ६ लाख ४० हजार रुपये अडकले आहेत. परचेस ऑर्डर ईमेलवर आली होती, स्टॅम्पपेपरवर करार नाही. माल जाऊन सात महिने झाले. इतके दिवस ‘करतो, करतो’ म्हणत होते, आता म्हणतात खोकी ओलसर होती. ऑर्डरच्या मागे ‘वाद पुण्याच्या न्यायालयात’ असं छापलेलं आहे. माझे मावसभाऊ एका वकिलांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, आत्ता फी नको, वसुलीवर पंधरा टक्के द्या. ते मुख्यतः शेतजमिनीची कामं पाहतात. त्यांना केस द्यावी का?
— एक लघुउद्योजक, नागपूर

उत्तर : भाऊ, टक्क्यांचं आधी सांगते. निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणं किंवा वसुलीत वाटा घेणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत वकिलाला मनाच आहे. ‘आत्ता काही नको’ हे ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्याच भेटीत जो स्वतःला लागू असलेला नियम बाजूला सारतो, त्याच्या हाती तुमची फाईल मी दिली नसती. शेतजमिनीच्या कामात ते हुशार असतीलही. फेरफार आणि वाटणीचे दावे लढवणं सोपं नाही. पण तुमच्या प्रकरणात प्रश्न जमिनीचा नाही, व्यापारी कायद्याचा आहे, आणि त्यात भांडायच्या दारांची गर्दी आहे. कोणतं दार तुमचं, हे तुमचे कागद ठरवतात. ते ठरल्यावरच वकील कोणता हे ठरतं. लोक नेमकं उलटं करतात.

स्टॅम्पपेपर नाही म्हणून करार नाही, असं समजू नका. १८७२ चा भारतीय करार कायदा स्टॅम्पपेपर मागत नाही. त्यांनी ऑर्डर पाठवली, तुम्ही माल पाठवला, त्यांनी उतरवून घेतला, करार झाला.

आता मला तुमचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून केलेल्या सरकारी नोंदणीचा दाखला, पाहायचं आहे, आणि त्यावरची तारीख. नोंदणी ही ऑर्डर येण्याआधीची असेल तर तुमचं पारडं एकदम जड होतं. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी वेगळी व्यवस्था आहे. ऑर्डरवर नव्वद दिवसांची उधारी छापलेली असली तरी कायदा पंचेचाळीस दिवसांपुढे जाऊ देत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या ‘बँक रेट’ नावाच्या व्याजदराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद मिटवणाऱ्या सरकारी मंडळाकडे करायची, आणि कौन्सिल पुरवठादाराच्या गावची चालते, खरेदीदार देशात कुठंही असो. म्हणजे त्या छापील ‘पुण्याच्या न्यायालयात’चा धाक इथं फारसा उरत नाही. अर्ज ऑनलाइन होतो, स्वतःही भरता येतो. पण भरण्याआधी एकदा कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण चुकीच्या बिलाची तारीख टाकली की पुढे तीच गळ्यात येते.

ओलसर खोक्यांचं म्हणाल, तर याच कायद्यात एक कलम आहे जे कंपन्यांचे खरेदी अधिकारी सोयीस्करपणे विसरतात. माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं. तुमच्या गिऱ्हाईकाची हरकत सात महिन्यांनी आली आहे, आणि तीही तोंडी. शिवाय त्यांनी तुमच्या बिलांवर जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची स्वतःच्या करातून वजावट, घेतलं असेल, तर माल खराब होता हे म्हणणं त्यांनाच जड जाईल. तुमच्या सीएला ते तपासायला सांगा. एकशे ऐंशी दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट परत करावं लागतं, त्यांच्या सीएलाही हे ठाऊक आहे. नोटिशीत एवढं एक वाक्य आलं तरी पुण्याहून फोन येण्याची शक्यता वाढते.

कौन्सिलने निवाडा दिला आणि कंपनीला तो आव्हान द्यायचा असेल, तर आधी रकमेच्या पंचाहत्तर टक्के भरावे लागतात. नुसता वेळ काढण्यासाठी आव्हान देणारे इथंच थबकतात.

इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांनी मात्र हुरळून जाऊ नये. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याकडे उद्यम प्रमाणपत्र असलं तरी थकबाकीचं हे संरक्षण त्याला नाही.

तुमची नोंदणी मालानंतरची निघाली तर रस्ता बदलतो. रक्कम तीन लाखांच्या वर आहे, म्हणून २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याखालचा वाणिज्यिक, म्हणजे व्यापारी व्यवहाराचा, दावा होईल. तातडीचा मनाईहुकूम वगैरे मागायचा नसेल, तर असा दावा लावण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे सक्तीचं असल्याचं सांगितलं आणि मध्यस्थी न करता लावलेले दावे फेटाळले जाऊ लागले. ज्या वकिलाला ही पायरी सांगावी लागते, त्याला वाणिज्यिक काम देऊ नका. आणि मग मात्र ते पुण्याचं कलम जिवंत होतं, पुण्यातच वकील करावा लागेल. सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात नेहमी जाता-येता येतं म्हणून इथला वकील करायचा आणि त्याचा प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च द्यायचा, यात शहाणपण नाही.

वकिलाकडे जाताना ऑर्डरची प्रत मागच्या बारीक अक्षरांसह न्या, सही-शिक्क्याची डिलिव्हरी चलनं, बिलं, खातेउतारा आणि ‘करतो, करतो’ म्हणणारे सगळे ईमेल. त्यात कुठं देणं कबूल केलेलं असेल तर ते सोनं आहे. दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, आणि मुदतीत दिलेली लेखी कबुली ती नव्यानं सुरू करते. फोनवरची कबुली काही कामाची नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप पुरावा म्हणून चालतात, पण सोबत विहित प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून तो मोबाइल विकू नका.

फीचं बोलायला लाजू नका. नोटीस, कौन्सिल, दावा लागलाच तर दावा, अशा टप्प्यांनी विचारा. तारखेला स्वतः उभे राहणार की कनिष्ठांना पाठवणार, हेही विचारा. कनिष्ठ उभा राहणं वाईट नाही, मात्र ते आधी माहीत असावं. कागद न चाळता जो ‘शंभर टक्के जिंकतो’ म्हणतो, त्याच्या ऑफिसातला चहा पिऊन निघून या.

प्रश्न : मी घरून सॉफ्टवेअरचं काम घेते. बेंगळुरूच्या कंपनीने चौदा पानी करार पाठवला आहे. काम संपल्यावर दोन वर्षं त्यांच्या स्पर्धकांसाठी काम करायचं नाही, वाद झाल्यास कंपनी नेमेल तो लवाद, असं त्यात आहे. एवढ्याशा कामासाठी वकिलाला दाखवू का?
— त्रिमूर्तीनगर

उत्तर : ताई, दाखवा. करार वाचून देणं हे काही बैठकांचं काम आहे, दावा लढवणं वर्षानुवर्षांचं, आणि दोन्हींची फी त्याच हिशोबाने असते. काम संपल्यानंतरची दोन वर्षांची बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. तरी ती खोडून मागा, कारण टिकत नाही हे सिद्ध करायला तुम्हालाच बेंगळुरूला जावं लागेल. त्यांची गोपनीय माहिती बाहेर न देण्याचं कलम मात्र टिकतं, ते पाळा. वादात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद (न्यायालयाबाहेर निवाडा देणारा पंच) नेमायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच नाकारलं आहे. लवादाचं ठिकाण नागपूर, किंवा निदान सुनावणी ऑनलाइन, एवढं लिहून घेण्याचा प्रयत्न करा. आणि वकिलांना एक पान वेगळं काढून दाखवा : पैसे कधी, आणि काम ‘मंजूर’ झालं हे कोण ठरवणार. माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणं लवादाच्या कलमावर नसतात, त्या एका शब्दावर असतात.

प्रश्न : वकील बदलायचा आहे. जुने वकील म्हणतात, बाकी फी दिल्याशिवाय फाईल देणार नाही.
— महाल

उत्तर : फी बाकी असेल तर ती त्यांना मागता येईल, दावाही लावता येईल. पण त्यासाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे. लेखी मागणी करा आणि पोच घ्या. तोवर न्यायालयातून कागदपत्रांच्या प्रमाणित प्रती काढायला नव्या वकिलांना सांगा, म्हणजे पुढची तारीख वाया जाणार नाही.