बाबांचं बडोद्यात आठवड्यातून तीनदा डायालिसिस चालू आहे. जिवंत पेशींची कृत्रिम किडनी लवकर मिळेल का?

नाही, अशी किडनी अजून रुग्णांसाठी उपलब्ध नाही. डायालिसिस चुकवू नका आणि प्रत्यारोपणासाठी नाव नोंदवलं असेल तर ते काढू नका. मी इथेच बडोद्यात फार्मसीच्या मुलांना शिकवते, म्हणून अडचण कुठे आहे ते सांगते. किडनी गाळते, तशी वेचतेही. तिच्या नलिकांच्या पेशींवर ओएटी१, ओएटी३ अशी वाहक प्रथिनं असतात. ती रक्तातले ठरावीक रेणू पकडून लघवीकडे ढकलतात. पेनिसिलिन असंच झपाट्यानं बाहेर पडतं. सोबत प्रोबेनेसिड नावाचं औषध दिलं की ती वाट अडते आणि पेनिसिलिन रक्तात जास्त वेळ टिकतं. इंडॉक्सिल सल्फेटसारखी विषं तर रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून बसतात, डायालिसिसच्या पडद्यातून नीट निघतच नाहीत. त्यांना हे वाहकच लागतात, म्हणून संशोधक नलिकांच्या पेशी यंत्रात जगवू पाहताहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं २०२३ मध्ये मानवी पेशींचं असं उपकरण डुकरांच्या शरीरात ७ दिवस चालवून दाखवलं. मला हे फार मोलाचं वाटतं, पण प्रयोग प्राण्यांवरचा आणि आठवडाभराचाच आहे. तोवर बाबांच्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा, दुकानातून सहज आणलेली अंगदुखीची गोळीसुद्धा त्यात लिहा.