ग्राइंडर नवा घेतलाय? आधी एवढं पाळा

भाऊ, चार इंची ग्राइंडर घेतला, चांगलं केलं. हात लवकर बसेल. फक्त गार्ड, म्हणजे चकतीवरचं झाकण, काढू नका. मोठी चकती बसावी म्हणून तो काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक. मशीन मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं, चकतीवरचा आकडा त्याहून कमी नको. लाकडाची दातेरी चकती तर लावूच नका. अडकली की मशीन अंगावर उसळतं.

- चकती बदलताना प्लगच काढा.
- डोळ्यांवर सेफ्टी चष्मा हवाच. जळगावचं ऊन कितीही असो, गळ्यात रुमाल नको, गुंडाळला जातो.
- ठिणग्या अंगणातल्या पऱ्हाट्यांकडे जायला नकोत.
- बोर्डात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

नवी चकती आधी मिनिटभर रिकामी फिरवा, बाजूला उभं राहून.