इल्मा म्हणजे पाणी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

माल्टाचा व्हिसा आला, तिकीटही निघालं, असं तुझी आई सांगत होती. परवा फोनवर तू पगार विचारलास, खोलीचं भाडं विचारलंस, थंडीत स्वेटर किती लागतील तेही विचारलंस. भाषेचं मात्र ‘तिथं इंग्रजी चालतं ना, मावशी’ एवढ्यावर उडवून लावलंस. चालतं. दुकानात, बँकेत, बसमध्ये, मॅट्रनच्या केबिनमध्ये, सगळीकडे चालतं. कायद्यानंच तिथं माल्टीज आणि इंग्रजी दोन्ही राजभाषा आहेत. पण तू वृद्धाश्रमात कामाला चालली आहेस, आणि रात्री दोन वाजता वृद्धाश्रमात इंग्रजी चालेलच असं नाही.

माझा तिथला पहिलाच महिना होता. नाइट ड्यूटीला नव्वदीच्या एक आजी होत्या, विसरायला लागलेल्या. दिवसा मला ‘थँक्यू डिअर’ म्हणायच्या. त्या रात्री डोळे मिटून ‘इल्मा, इल्मा’ असं चाललेलं. मला वाटलं, मुलीचं नाव असेल. विल्मा असते, इर्मा असते, तशी इल्मा. हात धरून मी सांगत राहिले, ‘इल्मा उद्या येईल हं.’ पाच-सहा वेळा तरी सांगितलं असेल. सकाळी हँडओव्हरला मोठ्या मायेनं तेही सांगितलं. ऐकल्याबरोबर तिथली आया एक शब्द न बोलता ग्लास भरून घेऊन धावली. इल्मा म्हणजे पाणी.

त्या दिवशी मी वही घातली. ती आता तुला देतेय. कोपऱ्यांवर चहाचे डाग आहेत, चालवून घे.

तिथले लोक आपल्या भाषेला ‘माल्ती’ म्हणतात, आपल्या मालतीसारखं. तिचं मूळ अरबी. सन ८७० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अरबांनी बेट घेतलं. शेजारच्या सिसिली बेटावर तेव्हा जी अरबी बोलली जायची तीच पुढं माल्टात रुजली. १०९१ मध्ये युरोपातले ख्रिस्ती नॉर्मन आले, तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुसलमान एक तर निघून गेले किंवा ख्रिस्ती झाले, पण बोली काही गेली नाही. मग कारभार आणि लिखाण लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, आणि चुलीपाशी माल्ती, असं कित्येक शतकं चाललं. त्यामुळे अरबीचं व्याकरण राहिलं आणि शब्दांत निम्म्याहून जास्त भरणा सिसिलीचा आणि इटालियनचा झाला. पण ‘मी, तू, पाणी, भाकर, हात, दुखतंय’ हे सगळं जुन्या घरातलं. आजारी माणूस तेच शब्द बोलतो, म्हणून तू तिथूनच सुरुवात कर.

तू वसईची, रविवारची मिस्सा न चुकवणारी. तुला पहिला धक्का चर्चमध्येच बसेल. तिथं देवाला ‘अल्ला’ म्हणतात. उपवासकाळाला ‘रन्दान’ म्हणतात, म्हणजे रमजानच. ईस्टरच्या शब्दात ईद आहे. आणि हे सगळं म्हणणारे लोक पक्के कॅथलिक. मी चर्चमध्ये न जाणारी, तरी एका ग्रामदेवतेच्या जत्रेसारख्या ‘फेस्ता’ला उभी राहून ते ऐकलं आणि बघतच राहिले.

दुसरी गंमत म्हणजे, थोडी माल्ती तुला येतेच. आपल्या मराठीत अरबी शब्द फारसीच्या वाटेनं आले, त्यांच्याकडे थेट आले. आपली दुनिया ती त्यांची ‘दिन्या’. आपला जमाना तो ‘झ्मीन’, म्हणजे काळ. खबर ती ‘आह्बार’, किताब ती ‘क्तीब’. आपण ‘सन १९३४’ लिहितो, त्यातला सन त्यांच्याकडे ‘सेना’ झालाय. सेना म्हणजे वर्ष, फौज नव्हे.

आणि ते इल्मा. अरबीत पाणी म्हणजे ‘मा’, त्याला ‘अल’ हे उपपद, म्हणजे इंग्रजीतल्या ‘द’सारखं, चिकटलं, आणि पुढच्यांना ते चिकटलंय हेच कळेना. म्हणून आता त्या इल्मालाही पुढं आणखी एक ‘ल’ लावतात. पाव म्हणजेच रोटी असताना आपण पावरोटी म्हणतो, त्यातलाच प्रकार. सुईला ‘लाब्रा’ म्हणतात, तिथंही तेच झालंय. इंजेक्शनला सुद्धा लाब्राच म्हणतात, तो शब्द तुला पहिल्याच दिवशी लागेल.

अनेकवचन ऐकशील तेव्हा चक्रावू नकोस. कित्येकदा शब्दाच्या शेवटी काही लागत नाही, पोटातच उलथापालथ होते. एक पुस्तक ‘क्तीब’, अनेक पुस्तकं ‘कॉत्बा’. मजा अशी की इंग्रजांची किटलीसुद्धा त्यांनी याच साच्यात घातली: एक ‘कित्ला’, अनेक ‘क्तीली’. आपण गाडी ‘पार्क करतो’. ते ‘करणं’ मध्ये घेत नाहीत, पार्कलाच आपले प्रत्यय लावून मोकळे होतात: ‘निप्पार्क्या’, मी पार्क करते. कोणी याला धेडगुजरी म्हणेल. मला तर ही पचनशक्ती वाटते.

लिपी रोमन, ३० अक्षरं. आपल्याकडे गोव्यात रोमीत कोंकणी लिहिणारे आहेत, त्यामुळे तुला त्याचं नवल वाटू नये. एक्स दिसला की ‘श’ म्हण. मार्साश्लोक नावाचं कोळ्यांचं गाव आहे, त्यातला ‘श्लोक’ म्हणजे आग्नेयेचा वारा. मार्सा म्हणजे बंदर. क्यू दिसला की घशात नुसतं अडकल्यासारखं थांब: ‘काल्ब’ असं लिहिलेलं हृदय तोंडी ‘आल्ब’ होतं. आजी-आजोबा तुला ‘आल्बी’ म्हणतील, म्हणजे माझ्या काळजा. जी आणि आडवी रेघ मारलेला एच मिळून एक अक्षर आहे, ‘आय्न’ त्याचं नाव. बहुतेक वेळा ते बोलतच नाही, शेजारच्या स्वराला लांबवतं.

आता एक इशारा. ‘म्हणजे तुम्ही अरबीच बोलता’ असं कोणाच्या तोंडावर म्हणू नकोस. आपली भाषा फिनिशियनांची, म्हणजे लेबनॉनकडच्या प्राचीन दर्यावर्दी लोकांची, अरबांच्याही आधीची, असं तिथं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. १७९६ मध्ये माल्तीचा मोठा शब्दकोश काढणारा मिकिएल आन्तोन वास्साल्लीही त्याच मताचा होता. भाषाशास्त्र आज तसं म्हणत नाही, पण गोळ्या देताना तो वाद कशाला? त्यात या भाषेनं अपमानही पुष्कळ सोसलाय. इटालियनवाले तिला स्वयंपाकघरातली भाषा म्हणायचे. कोर्टात इटालियन चाले, आणि आरोपीला आपल्यावरचा खटलाच कळत नसे. १९३४ मध्ये इंग्रज राजवटीत इटालियनची सद्दी संपली आणि माल्ती राजभाषा झाली. आज कोर्टाची भाषा माल्ती आहे. २००४ पासून ती युरोपीय संघाचीही अधिकृत भाषा आहे. फक्त अनुवादक पुरेसे मिळेनात, म्हणून पहिली तीन वर्षं सगळे कागद तिच्यात काढण्यातून सूट घ्यावी लागली होती.

एक जुनी कविता आहे, पंधराव्या शतकातली, पिएत्रु काशारो याची. माल्तीतलं सापडलेलं सगळ्यात जुनं साहित्य तेच. १९६६ मध्ये एका नोटरीच्या जुन्या दप्तरात ती मिळाली. तक्रार काय, तर माझं घर ढासळलं. जिथं खडक लागेल वाटलं तिथं भुसभुशीत माती निघाली. खोलीच्या भिंतीला ओल आली की तुला ती आठवेल.

बरं, शिकायचं कसं? अडचण एकच येईल: तू तोंड उघडलंस की ते इंग्रजीवर येतील. त्यांची सवयच आहे. स्लीमा या शहराकडची कुटुंबं तर घरातही इंग्रजी बोलतात, बाकीचे त्यांना ‘ताल-पेपे’ म्हणून चिडवतात. तू म्हणायचं, ‘बिल-माल्ती, येक्क योज्बॉक’, माल्तीत बोला, प्लीज. हसतील, पण बोलतील. सुट्टीच्या दिवशी पास्तित्सीच्या, म्हणजे तिथल्या चीज भरलेल्या पॅटिसच्या, दुकानात ग्लासातला दूध घातलेला चहा मिळतो, तिथं उभी राहून कान दे. रात्रीच्या बातम्या लाव. बरोबरची कोणी ट्युनिशियाची असेल तर तिला तुझ्याआधी अर्थ लागेल, तिला विचारत जा, पण तिलाही सगळं कळत नाही हे ध्यानात ठेव.

मोबाईलवर माल्तीचा कीबोर्ड टाकून घे. तिथली पोरं काही अक्षरांवरची टिंबं न देताच मेसेज लिहितात, आपली मुलं मराठी रोमनमध्ये बडवतात तसं. तू चार्टवर नाव लिहिताना टिंब दे, एचवर रेघ मार. नातेवाईक बघतात.

वहीच्या पहिल्या पानावर तीनच ओळी आहेत. ‘फेय्न युजेक?’ कुठं दुखतंय. ‘उजीह’, वेदना. ‘इल्मा’ पुढं मी काही लिहिलेलं नाही. तू विमानात बसायच्या आधी ही तीन पाठ कर, बाकीची पानं तिथं गेल्यावर उघड.

पोचलीस की मिस्ड कॉल दे, मी लावते.

तुझी,
मावशी